दोघांचा धोटा

गयासच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "अशा काही गाठींत विषाणू सापडतात, पण कॅन्सर त्यांच्यामुळंच होतो, असं अजून ठरलेलं नाही." बाकीचं बोलणं दवाखान्यातच राहिलं; गयासनं विषाणू तेवढा घरी आणला.

घरी त्याची बायको नजमुन्निसा हिमरू शाली विणायच्या मागावर बसली होती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून ती नेहमीसारखी आतला धागा बाहेर ओढणार, तोच त्यानं धोटा हिसकावला.

"माझं तोंड लागलंय त्याला."

"निकाह झाल्यापासून दोघांचंबी लागतंय," ती म्हणाली. "आज हिसकावून काय करता?"

तिनं धोटा परत घेतला, ओठांना लावला आणि श्वासासरशी धागा ओढला.

गयास आपलं पोट विसरून तिच्या पोटाकडं बघत राहिला.