पहिलं नको

स्मिताबाईंच्या माहेरी, मालवणकडे, एक रीत होती. पहिलं 'नको' धरायचं नाही. वाढायला गेलं की पाहुणा ताटावर हात आडवा धरणार, 'नको हो' म्हणणार. मग आपण म्हणायचं, 'असं कसं, अर्धी तरी घ्या!' मग तो हात काढणार. दुसऱ्या 'नको'चाही भरवसा नाही. तिसरं आलं, तर ते खरं. ही रीत बाईंच्या अंगात इतकी मुरली होती की खारघरला सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि वॉचमनने 'पिशवी वर नेऊन देऊ का' असं विचारलं, तरी त्या आधी 'नको' म्हणायच्या. तो बिचारा परमुलखातला, खरंच बाजूला व्हायचा. मग बाई धापा टाकत जिने चढायच्या आणि वर पोचल्यावर त्यालाच नावं ठेवायच्या.

इथवर हसायला ठीक आहे. पण ह्याच रीतीने त्यांचा एकदा असा घात केला, की अजून आठवलं तरी त्यांचा घास अडतो.

थंडीत त्यांच्या मुलाने, प्रसादने, क्रूझचं बुकिंग केलं. "आई, तू पण येतेयस."

"मला कशाला रे? नको!"

तिकीट आधीच काढलेलं होतं म्हणून ते 'नको' वाहून गेलं. आपल्याला कशाला नेतायत हे न कळायला बाई काही दूधखुळ्या नव्हत्या. नात ईश्वरी दीड वर्षाची, नुकते पाय फुटलेले, एका जागी ठरेल तर शपथ. सून श्रुती सरळ स्वभावाची. ती म्हणालीच, "आई, तुम्ही असलात की आम्हाला टेन्शन नाही." बाईंना त्याचं काही वाटलं नाही. कारण बोट आधी कोचीला लागणार होती आणि मग गोव्याला, आणि गोव्याचं नाव ऐकताच त्यांचा जीव कुंदाताईपाशी जाऊन बसला होता.

कुंदाताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. राहायला वास्कोत, बंदराच्या फाटकापासून रिक्षाने गेलं तर बसतो न बसतो तोच घर. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला होता आणि दुसराही विझत आला होता. फोनवर ती म्हणाली होती, "दिसता तवसर एकदा तुझ्या नातीचा तोंड बघून घेतंय गो. त्या मोबाइलवर माका नुसतो ढग दिसता."

बाईंनी प्रसादच्या कानावर घातलं, "वास्कोला आपली ताई राहते हो."

"हो ना," प्रसाद म्हणाला. तो बॅगांचं वजन बघत होता.

झालं! बाईंच्या लेखी बोलणी पक्की झाली. 'मला ताईकडे जायचंय, ईश्वरीला दाखवायचंय,' एवढं सरळ बोलायला काय धाड भरली होती? पण नाही. मागून घेतलं तर त्यात मान कसला? समोरच्याने ओळखावं, आपण 'नको' म्हणावं, त्याने 'चल गं' म्हणावं. तर गोडी.

कोचीला बोट लागली आणि माणसं भराभर उतरून गेली. प्रसादने विचारलं, बाई 'नको' म्हणाल्या, दोघं टाटा करून गेली. बाई जरा खट्टू झाल्या, पण कोचीत त्यांचं होतं कोण? तो दिवस ईश्वरीला रिझवण्यात गेला. बोटीवरच्या खेळघरात एवढ्या लहान पोरांना घेत नव्हते. मग लिफ्टची सगळी बटणं दाबून झाली. जेवणघरातले चमचे एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात भरून झाले. सफाईवाल्याने टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता, त्याची सोंड सोडून त्याचं पुन्हा टॉवेल करून झालं. शेवटी खोलीतला जाड पडदा कामी आला. बाई त्याच्यामागे लपायच्या, 'बुवाऽऽ' करायच्या, आणि तोंड बाहेर काढून 'कुक!' ईश्वरीला हसून हसून उचकी लागली. मग ती स्वतःच आजीच्या डोळ्यांवर हात दाबायला शिकली. हात काढले की आजीने 'दिसली गं दिसली!' म्हणायचं, असा तिने कायदाच केला.

गोव्याच्या दिवशी बाई पहाटेच उठल्या. ताईसाठी घेतलेली साडी पर्समध्ये कोंबली. ईश्वरीला खणाचं परकर-पोलकं घातलं, काजळ घातलं, गालाला तीट लावली.

"आई, येतेस खाली?" प्रसादने विचारलं. "बसची टूर आहे. चर्च, मग मार्केट. ऊन मात्र फार आहे हं."

"नको रे, तुम्ही जा. मी कुठे आता उन्हात!" बाई म्हणाल्या आणि पर्सच्या पट्ट्यावर हात ठेवून थांबल्या.

"ओके. मग ईशूला पण राहू दे ना तुझ्याकडे? चालेल?"

दार लागलं. अहो, खणाचं परकर-पोलकं घातलेल्या पोरीकडे बघून तरी कळू नये? बाईंना रडूच फुटलं. परक्या बंदरात पोरीला घेऊन एकटीने गावात जायची त्यांची छाती नव्हती. रागही आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागात थोडं सुखही होतं. बघा, माझं कोणाला काही आहे का!

त्यांनी ताईला फोन लावला. "ताई, प्रसाद गेला गं फिरायला. तू येतेस का फाटकाशी? मी तिथवर आणते पोरीला."

ताई म्हणाली, "नको गो. एवढ्या उन्हात तुझी नि चेडवाची फरफट कित्याक? फुडच्या वेळी बघूया."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. एकदाचं ओझं उतरल्यासारखं वाटलं त्यांना. ईश्वरी परकराचा बोंगा करून पडद्यामागे शिरली होती. दिवसभर बुवा-कुक चाललं. संध्याकाळी बोट सुटली, तेव्हा नातीला कडेवर घेऊन बाई वास्कोचे दिवे बघत उभ्या होत्या. घरी आल्यावर प्रसादशी कितीतरी दिवस त्या तुटक बोलायच्या. त्या बिचाऱ्याला कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

उन्हाळ्यात ताई खारघरला आली. तिची मुलगी मोनाली तिला हाताला धरून घेऊन आली होती. दुसरा डोळाही अचानक गेला होता, इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू म्हणून आणलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे नीट तपासले आणि मान हलवली.

घरी परतल्यावर ताईला हॉलमध्ये बसवून मोनाली स्वयंपाकघरात आली. "मावशी, एक विचारू? बोटीच्या दिवशी तू परत फोन का नाही केलास?"

"का गं? तीच नको म्हणाली ना."

"अगं, ती सकाळपासून काठाची साडी नेसून बसलेली. रिक्षावाल्याला दाराशी थांबवून ठेवलेला. तुझा फोन झाला तरी मोबाइल मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, आई, साडी बदल आता. तर म्हणते, रव गो, करतली ती परत. पयला नको कोण धरता?"

बाईंच्या हातातलं चहाचं गाळणं तसंच राहिलं. कुणी धरलं? मीच धरलं. प्रसादचं काय, तो मुंबईत वाढलेला पोर, त्याला ही रीत ठाऊकच नव्हती. मी तर तिच्याच पंगतीला बसून शिकले होते. इतके महिने मुलावर धरलेला राग आता कुठे ठेवावा, ते त्यांना कळेना.

बाहेरून ईश्वरीचं हसू आलं. बाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. पोर ताईच्या मांडीवर चढून बसली होती. तिने दोन्ही तळवे ताईच्या डोळ्यांवर दाबले.

"बुवाऽऽ," ती म्हणाली, आणि हात काढले. "कुक!"

ताईची नजर पोरीच्या डोक्यावरून कुठेतरी भिंतीकडे लागली होती. पण ती तोंड भरून हसली.

"दिसली गो! माझी बाय दिसली!"

ईश्वरीला पटलं. तिने टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा ते डोळे झाकले.