पंधरा भोकांचा ठोकळा

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारची भिंतसुद्धा दिसत नव्हती. उजाडलं होतं, पण उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. वारा नाही, पाऊस नाही. नुसतं ओलं.

त्या खिडकीशेजारी टांगलेला लाकडाचा ठोकळा, तो मी. अक्कल नसलेल्या माणसाला लोक माझं नाव ठेवतात, ठेवोत बापडे. माझा धनी सुतार. त्याला वाचता येत नाही, त्याच्या बायकोलाही येत नव्हतं. तिचे उपासतापास चुकू नयेत म्हणून त्यानं दाराच्या उरल्या तुकड्यातून मला घडवलं. गिरमिटानं पंधरा भोकं पाडली, पंधरवड्याच्या पंधरा तिथींची. अकराव्याखाली पितळी कडी अडकवली, ती एकादशी. रोज सकाळी अंघोळ करून ती यायची आणि ओल्या हातानं खुंटी एक भोक पुढे सरकवायची. दाबताना अर्धा पीळ द्यायची. सवयच तिची.

पण चंद्र काही सुताराच्या मापानं चालत नाही. कधी एखादी तिथी दोन दिवस रेंगाळते, कधी मधली गळूनच जाते. तेव्हा शेजारचे मास्तर पंचांग बघून भिंतीवरून सांगायचे, "वहिनी, उद्या दोन भोकं बरं का."

मुलीच्या दुखण्यात तिनं चोवीस एकादशा बोलल्या होत्या. मुलगी बरी झाली, सासरी नांदतेय. बावीस झाल्या आणि हीच गेली. जाताना जीव अडकला तो उरलेल्या दोनांत. "त्या मी करतो," धनी म्हणाला, "तू जा सुखानं." एक त्यानं केली, आणि चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी दम भरला, "आजोबा, अजून एक करा हवी तर. त्यापुढे नाव काढायचं नाही."

त्यातच मास्तर मुलाकडे कायमचे राहायला गेले.

धुक्याच्या त्या सकाळी धन्यानं खुंटी नवव्यातून दहाव्यात घातली. "उद्या उपास. आज खाऊन घेऊ पोटभर," असं स्वतःशीच म्हणत त्यानं दुधात पाव कुस्करला आणि हात धुवायला गेला.

तेवढ्यात माझ्या अंगावर ओली बोटं आली. पावलं वाजली नव्हती. खुंटी निघाली, अकराव्यात बसली. अर्धा पीळ. लाकडाला भीती नसते म्हणतात. मला तेव्हा उभी चीर गेली.

धनी आला, बघत राहिला. "म्हातारचळ लागला," म्हणाला आणि खुंटी पुन्हा दहाव्यात. वाटी उचलायला वळला, तर पाठीमागे कडी किणकिणली. खुंटी अकराव्यात. माझ्यावरून पाणी ओघळत होतं.

त्यानं त्या ओलीवर बोट ठेवलं. बराच वेळ.

"बरं बाई. तू म्हणशील तसं."

वाटी झाकून ठेवली. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. देवापुढे दिवा लावून हलत्या ज्योतीकडे बघत बसला.

आता मी माळ्यावर पालथा पडून आहे. वाळवी येते, येऊ दे. तिलाही पोट आहे. एवढंच मागणं, मला चुलीत घालू नका. माझं अकरावं भोक अजून वाळलेलं नाही.

मला भिंतीवरून उतरवलं ते त्याच संध्याकाळी. दार वाजलं. मास्तरांच्या घरात चार दिवसांपूर्वी आलेल्या भाडेकरूंची सून होती, हातात दुधाचा पेला. या घरात कोण आहे नि कोण नाही, तिला अजून ठाऊक नव्हतं. ती म्हणाली,

"आजोबा, घ्या हे. सकाळी आजींनी आमच्या खिडकीशी येऊन विचारलं, आज कुठली तिथी गं? अंघोळ करून ओल्याच उभ्या होत्या, सर्दी होईल त्यांना. मी पंचांग बघून सांगितलं, दशमी गळलीय, आज एकादशीच. तर म्हणाल्या, 'बरं झालं विचारलं, माझी शेवटचीच राहिलीय. पण हे पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत, हट्टी आहेत. तिन्हीसांजेला पेलाभर दूध दे त्यांना. आणि म्हणावं, तो ठोकळा आता उतरवून ठेवा.'"