सरळ सा

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि अनुपमाबाईंचा वरचा सा कायमचा गेला. उभी हयात ख्याल गाण्यात घालवलेल्या बाईला घरात बसवेना. म्हणून शिरूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी समूहगान शिकवायला घेतलं. आलेल्यांपैकी कुणालाच स्वरलिपी वाचता येत नव्हती. मग बाईंनी हाताची भाषा ठरवली. तळवा वर गेला की सूर वर. बोटं लहरली की सूर हलकेच झुलवायचा. मूठ मिटली की थांबायचं, त्याआधी नाही.

सगळ्यांत आधी ते उमगलं संघर्षला. रांजणगावच्या एका कारखान्यात तो क्रेन चालवायचा. "खालच्या माणसाचा हात बघायचा, दुसरं काय बघायचं न्हाई," तो बाकीच्यांना सांगे. "आमच्यात हात चुकीचा वाचला, तर लोड कुणाच्या तरी डोक्यावर."

दौंडच्या कार्यक्रमाआधीची शेवटची तालीम. अखेरचा लांब सा लागला आणि थरथरू लागला.

"सरळ!" बाई ओरडल्या. "झुलवताय कशाला?"

"तुम्हीच सांगताय की, मॅडम," संघर्ष म्हणाला.

"मी? कधी?"

"आत्ता. हातानं."

बाईंनी वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. बोटं हलत होती. बारीक, एकसारखी. त्यांनी झटकन मूठ मिटली.

"तुमचं लक्ष आहे का, ते बघत होते."

"बाई लय वस्ताद हायेत," पुढच्या रांगेतल्या सोजरबाई खिदळल्या. "माझी सासू बी अशीच परीक्षा घ्यायची. फकस्त तिला गाता येत नव्हतं."

सगळे हसले. बाईही हसल्या.

घरी त्यांनी हात पुढे धरून तळव्यावर वर्तमानपत्राचं पान ठेवलं. पानाच्या कडा फडफडल्या. पंखा बंद होता. वडिलांचं, आबांचंही असंच उजव्या हातापासून सुरू झालं होतं. पुढे त्यांना घास तोंडापर्यंत नेता येईना. गळा गेला तेव्हा निदान हात होता. त्यापुढचा विचार बाईंनी पुरा होऊ दिला नाही. कार्यक्रम झाला की डॉक्टर. तोवर कुणाला सांगायचं नाही.

दौंडला हॉल भरला होता. गाणं नीट चाललं. हात लयीत फिरत असला की काही दिसत नव्हतं. धास्ती होती ती हात स्थिर धरण्याची. शेवटचा सा आला. तळवा वर गेला, थांबला आणि बोटं सुटली. सगळ्या गळ्यांनी ती थरथर जशीच्या तशी उचलली. बाईंनी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता अख्ख्या हॉलला ऐकू येत होतं.

त्यांनी हात पाठीमागे नेला.

सूर सरळ झाला. ताणलेल्या तारेसारखा. बाईंनी श्वास सोडला, तोच मागे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, कुणीतरी कुजबुजलं, "अगं, त्यांचा हात बघ."

गाणाऱ्यांपासून लपवलेला हात बाईंनी बसलेल्या सगळ्यांना दाखवला होता.

समोर सोजरबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. शेजारीण चोरून श्वास घेत होती. मूठ दिसल्याशिवाय कुणीही थांबणार नव्हतं. तसंच शिकवलं होतं त्यांना. संघर्षची नजर बाईंच्या खांद्यावर, हात जिथून दिसेनासा झाला तिथे खिळली होती.

बाईंनी हात पुढे आणला. सा लगेच थरथरला. बोटं मिटायला फार वेळ लागला. मग शांतता.

टाळ्या सुरू झाल्या. वळून नमस्कार करायचा होता, आणि नमस्काराला दोन्ही हात लागतात. बाईंनी तळवे एकमेकांवर घट्ट दाबले. उजव्याबरोबर डावाही हलू लागला. समोरच्या गाणाऱ्यांच्या रांगा अजूनही त्यांच्या हातांकडेच बघत होत्या, आणि आता कुणी हसत नव्हतं. टाळ्या ओसरायला लागल्या. बाई वळल्या नाहीत.