धाकटा की धाकटी

मोठे सर वारले तेव्हा इंग्रजी वाक्प्रचारांचा त्यांचा कोश अर्धाच राहिला होता. उरलेला पुरा करायचं काम संपादकांनी बाईंवर टाकलं. बाई तेवीस वर्षं भाषांतर करत होत्या. ‘शब्दाला अडल्या’ असं त्यांच्याबद्दल कुणी कधी म्हटलं नव्हतं.

सरांच्या चिठ्ठ्या लाकडी खोक्यांत विषयवार लावलेल्या होत्या. बाईंच्या वाट्याला आलेल्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘निवड’. प्रत्येक चिठ्ठीवर वाक्प्रचार, खाली अर्थ आणि त्याखाली उदाहरणाचं एक वाक्य, सगळं सरांच्या बारीक इंग्रजी अक्षरात. बाईंनी तिन्हींचं मराठी करायचं.

“अर्थ तुमच्या मनाप्रमाणे मांडा,” संपादक म्हणाले, “पण सरांच्या उदाहरणांना हात लावायचा नाही. शब्दाला शब्द हवा.”

सुरुवात मजेत झाली. ‘स्पॉइल्ट फॉर चॉइस’ला पूर्वीच्या कुणा शहाण्याने ‘निवडीने बिघडलेला’ असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते खोडून ‘काय घेऊ नि काय नको असं होणे’ लिहिलं आणि ऑफिसातल्या टंकलेखिकेला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. पुढची चिठ्ठी ‘ड्रॉ द शॉर्ट स्ट्रॉ’ची होती. म्हणजे नको ते काम नेमकं आपल्याच गळ्यात पडणं. उदाहरण असं होतं, की दोघांपैकी एकाच्या गळ्यात ते काम पडलं आणि खाली तळघरात जावं लागलं. तो एक जण बाई की पुरुष, हे इंग्रजी वाक्य सांगत नव्हतं. मराठीला मात्र ते सांगितल्याशिवाय पुढे सरकता येईना. नेहमी पुरुषच कशाला, म्हणून बाईंनी लिहिलं, ‘तिला तळघरात जावं लागलं.’

जेवणाच्या सुट्टीनंतर जुन्या फायली काढायला तळघरात कोण जाणार, यावरून शिपाई आणि टंकलेखिका यांच्यात हुज्जत झाली. शेवटी तीच गेली. तिसऱ्या पायरीवरून पाय घसरला आणि घोटा मोडला.

बाईंनी तिला रिक्षात बसवून दवाखान्यात पोचवलं आणि विषय सोडून दिला. घोटे काय, मोडतातच.

मग ‘हॉब्सन्स चॉइस’ आली. म्हणजे नावाला निवड, प्रत्यक्षात घ्यायचं तर हेच घ्या. उदाहरणात शेजारच्या माणसाला सांगितलं होतं, बिनखिडकीची खोली घे नाहीतर चालू लाग. शेजारी की शेजारीण? बाईंनी ‘शेजारीण’ लिहिलं. आठवडा उलटायच्या आत शेजारच्या मावशी जिन्यात भेटल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

“पोराने माझी खोली काढून घेतली गं. आतल्या कोंदट खोलीत टाकलंय. एक खिडकी नाही. म्हणाला, राहायचं तर इथंच राहा.”

बाईंना चिठ्ठीवरची ‘शेजारीण’ आठवली, आणि तळघरात गेलेली ‘ती’ही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी खोक्याला पाठ करून बसून पाहिलं. दुपारी संपादक स्वतः टेबलापाशी आले. “बाई, आज छापायला जायच्या पानांच्या फर्म्यातलं एकच वाक्य अडलंय. ‘टॉस-अप’चं. छापखान्याचा माणूस खाली उभा आहे.”

बाईंनी चिठ्ठी ओढून घेतली. टॉस-अप म्हणजे हे की ते, काही सांगता येत नाही अशी अवस्था. उदाहरण त्यांनी दोनदा वाचलं. दोघांमधून निवडणं अवघड होतं. शेवटी त्यांनी ‘द यंगर वन’ला नेलं.

नेलं. कुठे नेलं, कोणी नेलं, काही नाही.

बाईंना दोन मुलगे. थोरला परगावी. धाकटा आणि त्याची बायको त्यांच्याजवळ. घरात त्या दोघांना सगळे धाकटा आणि धाकटी असंच म्हणत. बाईंनी पेन उचललं. ‘धाकट्याला’ लिहायला गेल्या तर पोरगाच आठवला. ‘धाकटीला’ म्हणायला गेल्या तर सकाळी दारात डबा देताना हसलेला तिचा चेहरा समोर आला. कालपासून जरा फिकटच दिसत होती.

“काय झालं बाई? सोपं तर वाक्य आहे.”

“हे वाक्य गाळू या ना.”

“आता? पानं जुळवून झालीत.”

आणि मग बाईंना सुचलं. मराठीत तिसरीही वाट आहे. ना तो, ना ती. गाईचं वासरू, शेळीचं करडू, असलं काहीतरी. त्यांनी भराभर लिहिलं, ‘शेवटी त्यांनी धाकटं नेलं.’ आपण कुणाला तरी बरोबर चकवलं, असं वाटून त्या गालातल्या गालात हसल्यासुद्धा.

चार वाजता धाकट्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “आई, हिला दवाखान्यात आणलंय. लगेच ये.”

दवाखान्याच्या बोळात तो भिंतीला टेकून उभा होता. “तुला तीन महिने झाल्यावर सांगणार होतो गं. ही म्हणाली, आईंना एकदम गोड बातमी देऊ.” त्याने बाहीने डोळे पुसले. “मूल गेलं.”

आत धाकटी पांढरीफटक पडून होती, पण जिवंत होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला. डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तासाभराचा उशीर झाला असता तर हीसुद्धा हाती लागली नसती.”

बाईंनी मान हलवली. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याला सगळे ‘ते’च म्हणतात. इतकं साधं मराठी दुपारी आपल्याला आठवलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी खोकं संपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसू लागले.

“सरांचं मराठी किती सुंदर होतं, तुम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले. “तरी उदाहरणं कायम इंग्रजीत लिहायचे. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, ‘इंग्रजीत कोण ते सांगावं लागत नाही.’ मला वाटलं, थट्टा करताहेत.”

“मग भाषांतराला दिलीत कशाला?”

“ते असेपर्यंत त्यांनी देऊ दिली नव्हती.”

खोक्यात अजून चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. संपादकांनी ते कपाटात ठेवून कुलूप घातलं. कोश निघाला तेव्हा ‘निवड’ या भागात त्या फर्म्यानंतरच्या पानांवर नुसते अर्थ होते, उदाहरण एकही नव्हतं. वाचकांची पत्रं आली. संपादकांनी उत्तरं दिली नाहीत.

धाकटी महिनाभराने हिंडूफिरू लागली. एका सकाळी बाई तिचे केस विंचरत असताना तिने आरशातून विचारलं, “आई, खरं सांगा हं. ते बाळ किंवा मी, एकच राहणार असतं तर? तुम्ही कुणाला ठेवलं असतं?”

बाईंना ते भराभर लिहिलेलं ‘धाकटं’ आठवलं. “तुलाच,” त्या म्हणाल्या.

“विचारसुद्धा केला नाहीत?”

“नाही केला गं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या वेणीचा पहिला पेड घातला.