न्हाणीचं मागचं दार

“पप्पा, न्हाणीला बाहेरनं दार कशाला ओ?”

मैत्रिणीनं, निशानं ‘विचारून दाखव!’ म्हणून डिवचलं होतं आणि समतानं विचारून टाकलं. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून तिला कशाचंच भ्या राहिलं नव्हतं.

तिचे पप्पा, भीमरत्न, छताकडं बोट दाखवत उभे होते. बेळगाव कॅम्पातला हा पादऱ्याचा जुना बंगला घेतल्यापासून इंजिनिअरसाहेबांना दुसरं काही सुचत नव्हतं. रविवारी इतिहासप्रेमी मंडळी घर बघायला येणार होती; त्याची रंगीत तालीम या दोघींपुढं चालली होती. अठरा फुटांवरची कौलं, गरम हवा बाहेर काढणारे झरोके, ऊन अडवणारा व्हरांडा, सगळं तोंडपाठ.

“ते... हवेसाठी,” ते म्हणाले.

“हवेला कडी लागती व्हय?”

निशा फिसकन हसली. भीमरत्न हसले नाहीत.

निशा सायकलवरून घरी गेली, तेव्हा ते न्हाणीच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. हातातला मोजायचा टेप उगाच ओढत, सोडत.

“शनिवारी गवंडी येतोय. बुजवून टाकतो हे.”

“का पण?”

“माझी आजी, शेवंताबाई, ह्या दारानं यायची. न्हाणीत पाणी भरायची, घाण उचलून न्यायची. वीस वर्षं. पुढचा हॉल तिनं कधी बघितलाच न्हाय.”

“आणि पादरीसाहेब?”

“भला माणूस गं. आमच्या आप्पांना, तुझ्या आजोबांना, पाटी त्यानंच घेऊन दिली. पण घर असंच बांधलेलं. त्यात काय चुकतंय, हे त्याला कधी दिसलं न्हाय.”

मम्मी दारात येऊन उभी राहिली होती. “चार माणसांत हे कशाला काढायचं? बुजवलेलंच बरं.”

दार जेमतेम चार फुटांचं. समता वाकून आत शिरली. न्हाणीतून झोपायच्या खोलीत, तिथून हॉलमध्ये. मान वर करून बराच वेळ तशीच उभी राहिली. रोजचंच छत, पण आज लई उंच वाटलं.

परत आली तेव्हा दोघं तिच्याकडंच बघत होते.

“गवंड्याला नको म्हणून कळवा,” ती म्हणाली. “रविवारी घर मी दाखवणार. सगळ्यांना हितनंच आत आणणार. पप्पा, तुम्ही हॉलमध्ये थांबा. आम्ही येतो.”