हौद्यावरचं कव्हर

पिकअपच्या हौद्यावर टाकायचं कव्हर घ्यायला तीन माणसं लागत नाहीत. एक पसंत करणारं आणि एक भांडणारं पुरतं, आणि ही दोन्ही कामं मी एकटी करू शकते. तरी त्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. मी, आमचे हे आणि माझी नणंद. गाडी नणंदच चालवत होती.

आमची लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी आणि खोळी आम्ही धुतो, इस्त्री करतो आणि गठ्ठे बांधून पोचवतो. पोचवायचं काम ह्यांचं. थंडीत ओल्या कपड्यांचं ओझं घेऊन हे गच्चीच्या जिन्यावरून पडले आणि डावा खांदा मोडला. वन्संना कळलं तशा त्या आल्या. त्या परगावी शाळेची बस चालवतात. रजा टाकून आल्या, चहाही न घेता गाडीची किल्ली मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून आमचे गठ्ठे पोचवायला लागल्या. मी बोलावलं नव्हतं. आमचं आधीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य, खोटं कशाला बोला. पण त्या आल्या नसत्या तर हॉस्पिटलचं काम हातचं गेलं असतं आणि आम्ही इस्त्रीसकट रस्त्यावर आलो असतो.

आता सोमवारी त्यांची रजा संपत होती. त्या हजर झाल्या नाहीत तर बस दुसऱ्या कुणाला देऊ, असा शाळेचा निरोप आला होता. इकडे डॉक्टरांनी ह्यांना गाडी चालवायची मोकळीक दिली होती, कारण कोपरापासून खाली हात चांगला चालतो. म्हणजे सगळं सुरळीत. तरी वन्सं जायचं नाव काढेनात. विचारलं की म्हणायच्या, "आधी त्या ताडपत्रीचं काहीतरी करू. मग बघते."

मला वाटलं, धुळीमुळे म्हणत असतील. हौद्यावरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडते, धूळ आत शिरते, आणि मध्यंतरी हॉस्पिटलनं एक अख्खा गठ्ठा परत पाठवला होता.

आणखी एक सांगायला हवं. ह्यांच्या हाताचं नाव आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. वरच्या फळीवरचा डबा लागला की मीच उठायचे. शर्टाची डावी बाही मी धरायचे आणि बोलायचे मात्र साबणाच्या भावाबद्दल. हे पण मूग गिळून बाही चढवून घ्यायचे. चांगलं चाललंय, असं वाटायचं मला.

तर दुकान. समोर अंगणात तीन हौदे नुसतेच लोखंडी घोड्यांवर मांडून ठेवलेले, प्रत्येकावर वेगळं कव्हर. दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलका. त्यानं विचारलं, "हौद्याचं माप काय?"

मी म्हटलं, "सिंगलची चादर उभी अंथरली की बरोबर बसते. रुंदीला चार बोटं उरते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "फुटात सांगता येईल का?"

"आमच्याकडे फूट नसतात. चादरी असतात."

वन्सं हसल्या. दुकानदार बिचारा टेप घेऊन बाहेर गेला आणि मोजून आला. "कशासाठी हवंय?" म्हणाला.

"धूळ नको आणि कुलूप हवं," मी सांगितलं. हे काही बोलले नाहीत, वन्संही नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. फक्त भांडं लपवलंय हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्यानं आधी अखंड फायबरचं झाकण दाखवलं. काळं, चकचकीत, कडेला रबराची पट्टी. मुंगी आत शिरणार नाही असं. माझा जीवच जडला त्याच्यावर. ह्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, उजवा, आणि म्हणाले, "छान आहे. घेऊन टाक."

"थांब," वन्सं म्हणाल्या. त्या हौद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात स्वेटरच्या खिशात घातला आणि उजव्या हातानं झाकणाची मूठ फिरवली. मूठ फिरवून धरली तर झाकण उचलता येईना. झाकण उचलायला हात काढला की मूठ परत जागेवर. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. घामाघूम झाल्या.

"बाई, दुसरा हात लावा ना," दुकानदार म्हणाला.

"लावला असता," वन्सं म्हणाल्या आणि पुढच्या हौद्याकडे गेल्या.

तिथे घडीचं कव्हर होतं. पुन्हा डावा हात खिशात. एक घडी उचलली की दुसरी निसटायची. माझं डोकं तापायला लागलं. एवढं सोन्यासारखं झाकण सोडून ह्या बाईचा काय खेळ चाललाय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांच्याकडे नजर गेली. हे वन्संच्या खिशाकडे बघत होते. ह्यांचा चेहरा पार उतरला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हॉस्पिटलची माणसं गठ्ठे उतरवून घेतात, पण गाडीला हात लावत नाहीत. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला आणि बांधायला दोन हात लागतात, तेही खांद्याच्या वर. वन्संनी कितीतरी दिवस त्या दोऱ्या रोज बांधल्या होत्या. भावाला जमणार नाही हे त्यांना माहीत होतं, पण तसं म्हणायचं नव्हतं. आणि तो अडकून पडू नये म्हणून बसची नोकरी सोडायला निघाल्या होत्या.

माझं तोंड बंद राहिलं, हेच त्या दिवशीचं नवल.

बोलले ते हे. "ताई, काढ हात खिशातून," ते म्हणाले. मग दुकानदाराकडे वळले. "माझा डावा हात छातीच्या वर जात नाही. पुढेही जाईल असं वाटत नाही. मला एका हातानं उघडता येईल असं दाखवा."

घरातलं कुणी इतके दिवस बोललं नव्हतं ते ह्यांनी भर अंगणात, परक्या माणसासमोर, एका दमात सांगून टाकलं. दुकानदार म्हणाला, "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" इतक्या सहजपणे म्हणाला की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

तिसऱ्या हौद्यावर सरकतं कव्हर होतं. दुकानाचं शटर आडवं पाडल्यासारखं. खटका दाबला की आपोआप सरकत केबिनमागच्या पेटीत गुंडाळलं जातं, आणि पट्टा ओढला की परत येतं. कुलूपही होतं. फक्त ती पेटी हौद्यातली जागा खाते.

"एक गठ्ठा कमी बसेल," दुकानदारानं सांगितलं.

"बसू दे कमी," मी म्हटलं. "एक फेरी जास्त करतील. घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं."

ह्यांनी खटका दाबला. कव्हर सरसर आत गेलं. पट्टा धरला, ओढला, बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, स्प्रिंग झिजेल," तरी थांबेनात. वन्सं तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

कव्हर बसवेपर्यंत दुपार कलली. निघताना वन्संनी किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली आणि स्वतः जाऊन खिडकीशी बसल्या. मी मधे. हे गाडी चालवत होते, सावकाश, जरा जास्तच सावकाश.

मी म्हटलं, "वन्सं, उद्या तुम्ही जा."

"हाकलतेस होय?"

"हो, हाकलते. परवा तुमची पोरं रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहतील. जा तुम्ही." पुढे बरंच बोलायचं होतं. मी त्यांना आजवर काय काय म्हटलं होतं आणि त्यांनी काय काय केलं, सगळं. पण एवढंच म्हटलं, "तुम्ही आमचं घर धरून ठेवलंत, वन्सं. मी हे विसरणार नाही."

त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. घरापर्यंत सोडला नाही.