मान्य की अमान्य

भाषेच्या तत्त्वज्ञानाच्या त्या विभागात एक रीत होती. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला उमेदवाराने उभं राहून आपलं मुख्य वाक्य मोठ्याने म्हणायचं. मग परीक्षकांनी ते खोटं पाडणारी उदाहरणं त्याच्यावर फेकायची. प्रत्येक उदाहरणाला आधी एकच शब्द द्यायचा, ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’. कारणं नंतर. ‘मान्य’ म्हटलं की वाक्य पडलं. मागे कुणी तरी ‘काही अंशी मान्य’ म्हणाला, त्याला पाणी पाजून परत पाठवला. तो हल्ली विम्याची माहितीपत्रकं लिहितो म्हणतात, आणि झकास लिहितो.

आज उभी होती खात्री. हे घरातलं नाव. लहानपणी आईने नुसतं ‘दूध उतू गेलं का गं?’ विचारलं तरी ही आधी स्वयंपाकघरात जाऊन बघून यायची आणि मग सांगायची, तोवर दूध शेगडीभर. पुढे तिने याच खोडीचा प्रबंध केला. तिचं वाक्य असं होतं: जे आपल्याला ठाऊक आहे तेच ठामपणे सांगावं, ठाऊक नसताना सांगणं चूक, मग ते पुढे खरं का ठरेना.

या वाक्यावर चार वर्षं गेली होती आणि विभागातली कायमची नोकरी त्याच्यावरच टांगलेली होती. विभागप्रमुखांनी ती जागा संध्याकाळपर्यंत धरून ठेवली होती. खात्री आज पास झाली तर तिची, नाही तर शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या उमेदवाराची, ज्याला सगळे ‘चष्मा’ म्हणत. चष्म्याच्या प्रबंधात आजवर कुणाला चूक सापडली नव्हती, कारण तो शेवटपर्यंत कुणाच्याने वाचवलाच नव्हता.

पहिला तास बरा गेला. विभागप्रमुखांनी हवामान सांगणारा पुढे केला. खात्री म्हणाली, ‘अमान्य’, तो शक्यता सांगतो, ठामपणे कुठे सांगतो? त्यांनी सोडतीचं तिकीट काढलं. निकालाआधीच ‘तुझं तिकीट लागणार नाही’ म्हणणाऱ्याला आपण ‘तुला काय ठाऊक?’ असं विचारतोच की, म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं, असं म्हणून तिने तेही परतवलं. तिच्या मार्गदर्शक बाई कोपऱ्यात बसून सुपारी नसताना सुपारी चघळल्यासारखं तोंड हलवत होत्या. त्या खूश असल्या की असंच करायच्या.

बाहेरून आलेले परीक्षक मात्र अजून एक शब्द बोलले नव्हते. यांच्या एका प्रश्नापायी दुसरीकडचा एक प्राध्यापक नोकरी सोडून मधमाश्या पाळायला गेला, अशी ख्याती होती. आणि खात्री प्रत्येक उत्तरानंतर चोरून त्यांच्याकडेच बघत होती. कारण सकाळी ती आणि ते एकाच लिफ्टमध्ये अडकले होते.

ती एरवी जिन्यानेच यायची. आज प्रबंधाच्या प्रतींचं ओझं होतं म्हणून लिफ्टमध्ये शिरली, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने हिसका देऊन मान टाकली. दिवा गेला. एवढा दरारा असलेला माणूस स्वतःच्या बॅगेवर मटकन बसला, कॉलर ओढू लागला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. वरून दुरुस्तीवाल्याचा आवाज येत होता, पण तो शिव्या घालतोय की धीर देतोय, तेही कळत नव्हतं. खात्रीने अंधारात त्यांचा हात धरला आणि म्हणाली, ‘आत्ता उघडते, सर. काही होणार नाही.’ श्वास हळूहळू जागेवर आला. बऱ्याच वेळाने दारही उघडलं. सर टाय सारखा करून तिच्याकडे न बघता निघून गेले.

आता त्यांनी प्रबंध मिटला.

‘एक उदाहरण,’ ते म्हणाले. ‘एक माणूस बंद लिफ्टमध्ये भीतीने अर्धमेला झालाय. तो माणूस मी. आज सकाळी. शेजारच्या मुलीने मला सांगितलं की लिफ्ट आत्ता उघडते. ती मुलगी तुम्ही. तुम्हाला ते ठाऊक होतं?’

विभागप्रमुखांचं पेन थांबलं. मार्गदर्शक बाईंचं तोंडही. हे प्रकरण खात्री आणि सरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि ते झाकून ठेवण्यात सरांचाच फायदा होता. ते सगळ्यांपुढे स्वतःची अब्रू काढून प्रश्न विचारत होते, म्हणजे आता सुटका नव्हती.

सुटका होतीही. ‘वरून दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं’ एवढं म्हटलं की झालं. सरांना त्या वेळी कानच नव्हते. खोटं पाडणार कोण? बाईंनी खोकून तिला वेळ काढून दिला. मग आणखी एकदा खोकल्या.

‘नाही सर,’ खात्री म्हणाली. ‘ठाऊक नव्हतं.’

‘मग तुमच्या वाक्याप्रमाणे, तुम्ही ते सांगितलंत ही चूक झाली. आणि मी म्हणतो, चूक झाली नाही. मान्य की अमान्य?’

‘अमान्य’ हा शब्द तिच्या जिभेवर चार वर्षं घोळून गुळगुळीत झाला होता. दयेपोटी केलेली चूकही चूकच, असं एक अख्खं प्रकरण तिने लिहिलं होतं आणि ते तिला पाठ होतं. पण तिला तो घामेजलेला हात आठवला, आणि त्या अंधारात ती बरोबर बोलली होती, यात तिला तिळमात्र शंका वाटेना.

‘मान्य,’ ती म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

‘वाक्य पडलं,’ सर शांतपणे म्हणाले. ‘त्याच्या जागी काय?’

तयार काहीच नव्हतं. ती चाचपडत बोलू लागली. सांगणं म्हणजे जामीन राहणं असेल. लिफ्ट उघडली नसती, तर तुमच्या शिव्या मला खाव्या लागल्या असत्या, आणि हात सोडून कोपऱ्यात जायची मला मुभा नव्हती.

‘ही झाली कल्पना. प्रबंध नव्हे,’ सर म्हणाले. निकालही तसाच लागला: शेवटची दोन प्रकरणं नव्याने लिहायची, सहा महिन्यांनी पुन्हा उभं राहायचं, परीक्षक हेच. संध्याकाळी नोकरी चष्म्याच्या घरी गेली. बाई जाताना एवढंच म्हणाल्या की, कार्टे, ‘अमान्य’ म्हणत अर्धा तास दम धरला असतास तर काय बिघडलं असतं. पण पाठीवर हात ठेवूनच म्हणाल्या.

खात्रीने खाली येऊन आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

‘मग आता होईल ना गं पुढच्या खेपेला?’

‘होईल.’

एवढ्या चटकन उत्तर द्यायची या पोरीची रीत नव्हती.

‘तू जेवलीस का आज?’ आईने घाबरून विचारलं.